न्हाणीच्या दगडाखाली

आत्या, काल दुपारी पाऊस आला. मधे सव्वा महिना नव्हता. सुरुवातीला बरा पडला, रोपं तरारली, आणि मग आभाळ असं मोकळं झालं की लोणावळ्याला धबधबे बघायला येणारी माणसं नुसते कोरडे कडे बघून परत जायला लागली. आंदर मावळात दुष्काळ म्हटलं तर बाहेरचा माणूस हसेल, कारण इथं एरवी श्रावणात वाळत घातलेलं लुगडं चौथ्या दिवशीही ओलं लागतं. पण भाताच्या खाचराला भेगा पडल्या होत्या. आपलं खाचर आता एकच राहिलंय, आणि मी रोज सकाळी त्याच्या बांधावर जाऊन उभी राहत होते, जसं काही मी बघितल्यानं त्या भेगा मिटणार होत्या. काल दोनच्या सुमाराला मागच्या दाराशी भांडी घासत बसले होते, तुम्ही बसायचात तिथंच, तर केळीच्या पानावर एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मी उठले नाही. राख लावलेली कढई हातात धरून तशीच बसून राहिले आणि भिजले. थोड्या वेळानं मागचं अंगण हलायला लागलं. अळूच्या बुडातून गांडुळं वर आली, पाण्याच्या काळ्या टाकीवर गोगलगायी चढायला लागल्या, एक खेकडा नांगी उगारून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि काय वाटलं कोण जाणे, परत फिरला. आणि न्हाणीच्या दगडाखालून ते खडबडीत पाठीचे मोठे बेडूक एकामागून एक बाहेर आले, पावसात नुसतेच बसून राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे कुणाला सांगावं असं मनात आलं तेव्हा पहिलं नाव तुमचंच आलं, म्हणून वही घेऊन बसले आहे.

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी मी तुम्हाला आई म्हणून हाक मारली होती. लोणावळ्यात आमच्या रेल्वेच्या चाळीत सगळ्या सुना सासूला आईच म्हणायच्या. तुम्ही चुलीपुढून मान वर न करता म्हणालात, "आई तुजी लोनावळ्यात हाय. मला आत्या म्हन." मला ते लागलं. ही बाई मला पहिल्याच दिवशी लांब बसवतेय असं वाटलं. माझ्या आईची जागा तुम्हाला घ्यायची नव्हती, एवढंच असेल ते, पण हे कळायला मला पुढं फार दिवस लागले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील रेल्वेत पॉइंट्समन, दोन खोल्या, घरात नळ, सिमेंटची मोरी. त्या मोरीत झुरळापलीकडं दुसरा जीव मी पाहिला नव्हता. बारावी पास झाले होते, डी.एड.चा अर्ज आणून ठेवला होता, तेवढ्यात हे स्थळ आलं. तुमचा मुलगा चिंचवडच्या कारखान्यात होता, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या बसनं जायचा. बाकीचे सगळे दिवस या घरात आपण दोघीच. तुम्ही कमी बोलायचात. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचात, त्यातले उच्चार चुकायचे आणि मी मनातल्या मनात ते दुरुस्त करत बसायचे. मग तुम्ही रानात, मी चुलीशी. संध्याकाळी भांडी झाली की तुम्ही मागच्या पायरीवर बसून राहायचात. तिथं काय बघता ते मला कळत नसे.

मागच्या दाराबाहेर न्हाणी होती. तीन बाजूंनी कुडाचा आडोसा आणि मधे तो काळा चपटा दगड. त्यावरच अंघोळ, त्यावरच धुणं. पाणी दगडाखालून अळूत जायचं आणि तिथून केळीला. त्यामुळे दगडाखाली बारा महिने ओल असायची आणि त्या ओलीत कोण कोण राहायचं. बेडूक तर होतेच, शिवाय गोगलगायी, पैसा किडे, एक चकचकीत सापसुरळी, कडेला बिळं करून बसलेले खेकडे. मी अंघोळीला जाताना आधी तांब्या आपटायचे, खोकायचे, पाय वर घेऊन बसायचे. एकदा साबण डोळ्यांत गेलेला असताना एक गारगार काहीतरी माझ्या पायावर चढलं आणि मी किंचाळले. तुम्ही धावत आलात आणि बघितल्यावर हसलात. तुमचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि ते माझ्यावर होतं, हे मी कितीतरी दिवस धरून ठेवलं.

त्याच वर्षी पावसानं ओढ दिली. यंदासारखंच, आधी आला आणि मग गेला. रोपं लावणीला आली होती आणि खाचरात चिखल करायला पाणी नव्हतं. विहिरीचा तळ दिसला. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून, वाटीनं उपसून हंडा भरायचा. मी जाते आहे, डोक्यावर दोन हंडे, मान अवघडली आहे, तळहाताला घट्टे पडलेत, आणि वाटेत मला फक्त घरातला नळ आठवतो आहे. आपण तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवून रोपांना घालायचो. आणि तुम्ही, आत्या, रोज संध्याकाळी त्या बादलीतलं एक तांब्या पाणी काढून न्हाणीच्या दगडाखाली ओतायचात. मी ते पाहायचे. मी मानेवर आणलेलं पाणी तुम्ही बेडकांना घालता. बोलायचं धाडस नव्हतं, पण रोज त्या तांब्याला माझा राग येत होता.

आरोग्य केंद्राचा माणूस गावात येऊन पाण्यात टाकायला पांढरी पावडर देऊन गेला. शिकलेली म्हणून ती पुडी तुम्ही माझ्याकडे दिलीत. हंड्याला चिमूटभर टाकायची, एवढंच. एका संध्याकाळी तुम्ही रोपांकडे गेला होतात. मी मूठ भरून ती पावडर दगडाखाली फेकली. मग दुसरी मूठ. कडेच्या बिळांवरही टाकली. काय होईल ते मला ठाऊक होतं.

सकाळी तुम्ही माझ्या आधी मागं गेलात. मी दारातून पाहिलं तर तुम्ही न्हाणीत उकिडव्या बसला होतात आणि तुमच्यापुढं बेडूक पांढरे पडून उताणे झाले होते. एकाची पाठ भाजल्यासारखी झाली होती, पण तो हलत होता. तुम्ही त्याला तळहातावर घेतलंत, आत येऊन पिण्याच्या हंड्यातून तांब्या भरलात आणि त्याच्यावर हळूहळू ओतायला लागलात. मी म्हणाले, ते प्यायचं पाणी आहे. तुम्ही म्हणालात, "व्हय. त्येच लागतंय त्याला." दुसरा तांब्याही ओतलात. मग मेलेले गोळा करून केळीच्या बुडाशी पुरलेत, हात धुतले नाहीत, मातीनंच चोळले. तुम्ही ओरडाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "भ्या वाटत व्हतं तर मला सांगायचं. मी लावलं आसतं त्यास्नी वढ्याकडं."

त्यापेक्षा तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं. मला काहीतरी बोलून तुम्हाला खाली ओढायचं होतं. मी म्हणाले, तुम्ही खेकडे पकडून त्यांचं कालवण करता की, आणि रोज सकाळी जिवाची हत्या करणार नाही म्हणता. मग हे कुठलं शील? तुम्ही म्हणालात, "खायाला मारनं येगळं. किळस आली म्हनून मारनं येगळं. आमाला बी लोकांनी लय वर्सं किळस आली म्हनूनच लांब ठिवलं." आणि हंडा उचलून एकट्या ओढ्यावर गेलात.

त्यानंतर दोन दिवस आपल्या घरात चुलीचा आवाज सोडून आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, आईला बरं नाही, दोन दिवस जाऊन येते. निरोप कुठून आला हे तुम्ही विचारलं नाहीत. मी परत येणार नव्हते. ट्रंकेतून सगळे कपडे काढले, शाळेच्या दाखल्यांची आणि गुणपत्रिकांची प्लॅस्टिकची पिशवी काढली, सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं. तुम्ही भाकरी बांधून दिलीत आणि फाट्यापर्यंत येते म्हणालात. पिशवी तुम्हीच डोक्यावर घेतलीत. चार किलोमीटर आपण एकामागून एक चाललो. ती पिशवी दोन दिवसांची नव्हती हे तुमच्या मानेला पहिल्या पावलालाच कळलं असणार.

फाट्यावर बस नव्हती. एकची बस कधी दोनला यायची, कधी यायचीच नाही. आपण उंबराखाली बसलो. समोर कोरडं रान, मागं कोरडं रान. तुम्ही भाकरी सोडलीत, मला अर्धी दिलीत. आणि मग माझ्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत, बोलायला लागलात. या घरात आल्यापासून तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हतात. मामंजी गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. तो शिकायला तळेगावला वसतिगृहात गेला, मग कामाला लागला. वस्तीतल्या बायका दिवसभर रानात, संध्याकाळी आपापल्या घरात. तुम्ही म्हणालात, "दिवस जायाचा गं. सांच्याला घर खायाला उठायचं. मग मागं बसायची. त्ये भाईर यायाचं, टुकूटुकू बगायचं, किडं खायाचं. येक तर पायाजवळ यिऊन बसायचा. मला वाटायचं, चला, घरात कोन तरी हाय." मग म्हणालात, "आता तू आलीस तर त्यांची काय गरज न्हवती खरं. पन सवय लागली."

मी भाकरीचा घास हातात धरून बसले. चुकलं म्हणावं असं वाटत होतं, पण ते शब्द तेव्हा तोंडातून निघाले नाहीत आणि त्या दिवशी निघाले नाहीत ते पुढंही नाहीत.

पाऊस धरणाच्या बाजूनं आला. आधी लांब सागाच्या पानांवर आवाज झाला, मग डोंगर दिसेनासा झाला. आपल्याकडं ना छत्री ना इरलं, महिनाभर कुणी ते बाहेर काढलंच नव्हतं. मी उंबराच्या खोडाला चिकटले. तुम्ही पटकन माझी पिशवी उघडलीत, आत हात घालून नेमकी ती प्लॅस्टिकची पिशवी काढलीत आणि पदराखाली छातीशी धरलीत. "तुजी कागदं भिजतील," एवढंच म्हणालात. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बस आली तेव्हा तुम्ही चोळीपर्यंत भिजला होतात. कंडक्टर घाई करत होता. मी पायरीवर चढले, तुम्ही पिशवी वर दिलीत, मग पदराखालून कागद काढून माझ्या हातात ठेवलेत आणि म्हणालात, "पोचलीस की कुनाच्या हाती निरोप धाड." मी खिडकीशी बसले. तुम्ही बस जाईपर्यंतही थांबला नाहीत. पाऊस आला होता, रोपं वाट बघत होती, तुम्ही लगबगीनं परत निघालात.

बसनं टाकव्याहून कान्हे स्टेशन, तिथून गाडीनं लोणावळा. आई खूष झाली. वडिलांनी पिशवीकडं पाहिलं आणि ती उचलून आत ठेवली. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आईनं भजी तळली, मी पाटावर बसून गरम गरम खाल्ली. कपडे सगळे ओले झाले होते, ते दोरीवर टाकले. मग कागदांची पिशवी उघडली. एकाही कागदाला पाणी लागलं नव्हतं. मी ते पलंगावर पसरून ठेवले आणि किती तरी वेळ त्यांच्यापुढं बसले. दुसऱ्या दिवशी तीच भजी, तोच पाऊस, आणि मी मोरीत पाणी नळातून येताना आणि गटारात जाताना बघत होते. तुम्ही एकट्या वाकला असाल हे डोक्यातून जात नव्हतं. रोपांच्या आवणीला शेजारच्या बायका येतात, पण त्या आधी आपापलं खाचर लावणार. संध्याकाळी रानातून आल्यावर चूल कोण पेटवेल. ओल्या लुगड्यानं तुम्ही मागच्या पायरीवर बसाल आणि दगडाखालून कुणी बाहेर येणार नाही. चौथ्या दिवशी मी वडिलांना म्हणाले, मला गाडीत बसवून द्या. आईला राग आला. वडील म्हणाले, तुला जायचं असेल तरच जा. मला जायचं होतं.

फाट्यापासून चिखलातून चालत मी घरी न जाता थेट खाचरावर गेले. तुम्ही गुडघाभर पाण्यात होतात. मान वर केलीत. "आलीस व्हय?" मी आले म्हटलं. "कागदं कुटं ठिवलीस?" माझ्यापाशीच आहेत म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मंग आवनी झाली की बघू त्यांचं काय करायचं. चल, वाक. लय ऱ्हायलंय." मी पिशवी बांधावरच्या झोपडीत टेकवली, लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले. चिखलात पायाला काय काय लागत होतं, मी खाली बघितलं नाही.

आवणी झाल्यावर तुम्ही खरंच माझ्या शिक्षणासाठी मुलामागं लागलात. डी.एड. नाही जमलं, पण पुढच्या वर्षी गावात अंगणवाडी आली आणि ती मला मिळाली. एकतीस वर्षं मी ती चालवली. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा तुम्ही मागच्या दारी होतात, पुढं आला नाहीत, पण चुलीवर माझा चहा झाकून ठेवला होता. पावडर टाकली त्या वर्षी आपल्या न्हाणीत बेडूक फारसे दिसले नाहीत. पाठ भाजलेला तर पुन्हा दिसलाच नाही. मी त्याला शोधायचे, तुम्हाला कळू न देता. पुढच्या वर्षी मात्र दगडाखाली पुन्हा गर्दी झाली. मग मीही संध्याकाळी भांडी झाली की तुमच्या शेजारी पायरीवर बसायला लागले. आपण काही फार बोलत नव्हतो. त्या गोष्टीवर तर तुम्ही पुन्हा एक शब्दही काढला नाहीत. माझी मुलं त्याच दगडावर न्हाली, तुम्ही त्यांना गोगलगायींची शर्यत लावून द्यायचात.

तुम्ही थंडीत गेलात. तेव्हा दगडाखाली कुणी हलत नव्हतं, सगळे मातीत शिरलेले. त्यानंतर घराला स्लॅब पडला, आत फरशीचं न्हाणीघर झालं, नळ आला, एक दिवसाआड का होईना पाणी येतं. मागच्या अंगणात कोबा करून गाडी लावायला जागा करू या असं मुलगा म्हणाला होता, पण मी दगड हलवू दिला नाही. यंदा पाऊस गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथं एक तांब्या ओततेय.

आता घरात सून आहे. पिंपरीची मुलगी, उर्से टोलनाक्यावर कामाला, एका बूथमध्ये बसून दिवसभर गाड्या मोजते. ती मला आईच म्हणते, मी काही सुधारलं नाही. तिला कशाचीच भीती वाटत नाही. काल ती सुट्टीवर होती. पाऊस आल्यावर बाहेर येऊन अनवाणी उभी राहिली, एक मोठा बेडूक अलगद उचलून तळहातावर घेतला आणि मला दाखवला. मग तिनं विचारलं, आई, तुम्ही इतके दिवस तिथं पाणी का ओतत होतात. आम्ही चहा घेऊन पायरीवर बसलो आणि मी तिला तुमचं सगळं सांगितलं. एकटेपण सांगितलं, तांब्याचं सांगितलं, खेकड्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते सांगितलं. पावडरीचंही सांगितलं. ऐकून तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "असं कुणी केलं पण?"

मी म्हणाले, होती एक वस्तीत. नवीन लग्न होऊन आली होती.

ती म्हणाली, किती वाईट बाई. मी म्हणाले, वाईट नव्हती गं, घाबरली होती. आणि चहाचे कप घेऊन आत गेले.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी हे पाठवायचं कुठं. वहीतच राहील. रविवारी ती पुन्हा घरी असेल तेव्हा तिला खरं सांगेन, असं इथं लिहिणार होते. पण सांगेन की नाही, आत्या, मला माहीत नाही.